दहावं कणीस

या कट्ट्यावर मी तीन-चार वर्षं नुसता वाचतोय. सुरुवातीला तुम्हा लोकांचे अनुभव बायकोला मोठ्याने वाचून दाखवलेत आणि दोघं हसलोयही, खोटं कशाला बोलू. मी असल्या गोष्टी मानणारा माणूसच नाही. आमच्या गल्लीत एका बाईच्या अंगात यायचं, तिला मी लिंबूपाणी पाजून घरी पाठवलेलं आहे. त्यामुळे हे लिहिताना मलाच माझी लाज वाटते आहे... पण आता पोटात ठेवून ठेवून आजारी पडेन, म्हणून लिहितो. नावं बदलली आहेत. पाड्याचं नाव सांगणार नाही, विचारू नका.

मी ब्राह्मणपुरीचा, शहादा तालुका. घरची शेती. मला शेतीत रस नाही, म्हणून चार वर्षांपूर्वी कॅम्पिंगचा धंदा काढला. सुरत-नाशिककडची माणसं शनिवार-रविवार बोलवायची, सातपुड्यात टेंट लावायचे, धबधबा दाखवायचा, चुलीवरचं खाऊ घालायचं. धाकटा भाऊ भूषण सोबत असायचा. त्याचं शहाद्यात मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची मोटर जळली की तांब्याची तार नव्याने गुंडाळून देतो तो. केसाइतकी बारीक तार असते, बोटांनी खाचेत बसवावी लागते. दहा गावचे शेतकरी त्याच्याकडेच मोटर आणायचे, कारण त्याने भरलेली मोटर परत येत नसे. घर त्याच्या बोटांवर चालायचं, माझ्या टेंटांवर नाही. हे मला माहीत होतं, आणि तेच मला टोचायचं.

दुसरं म्हणजे माझा राग. माय म्हणायची, "तुन्हा राग एक दिन तुलेच खाई जाई." चुकली. मला नाही खाल्लं.

भाद्रपद होता. म्हसावदवरून धडगावकडे घाट चढला की आत एक पाडा लागतो, पावरा आदिवासींचा. तिथल्या खेमाकाकांनी शेताच्या बांधाजवळची मोकळी जागा टेंटला दिली होती. शेतात मका माणसाच्या वर गेलेला. जागा देताना म्हाताऱ्याने एकच अट घातली. म्हणाला, "कणसाला हात लावायचा नाही. नवाई झाली नाही अजून."

नवाई म्हणजे नव्या पिकाची पूजा. पुजारा दिवस ठरवतो, त्या दिवशी घरोघरी पहिलं कणीस गेलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना ठेवतात आणि मग घरातले खातात. तोवर दारात मका डुलत असला तरी पोरंसुद्धा कणीस मोडत नाहीत. नवाई पाच दिवसांवर होती. काका म्हणाले, "आमच्या म्हाताऱ्यांनी खाल्लं नाही अजून. त्यांच्या आधी कोण खाणार?"

मी हो म्हटलं. भूषणने तर काकांच्या पायाला हात लावून शब्द दिला. तो तसाच होता, कुणाच्याही पाया पडायचा.

त्या शनिवारी सुरतचे पाच जण आले. त्यांच्यातले मोठे मेहुलभाई, स्वभावाने चांगला माणूस. दुपारपर्यंत धबधबा झाला, फोटो झाले. चार वाजता ते म्हणाले, "चलो, अब भुट्टा." जाहिरातीत मीच लिहिलं होतं ना, 'कोळशावरची कणसं'. त्यासाठी शहाद्याच्या बाजारातून मी आदल्या दिवशी पोतंभर कणसं आणून भूषणच्या दुकानात ठेवली होती. गाडीत टाकायचं काम त्याचं होतं.

मी गाडीचं मागचं दार उघडलं. पोतं नाही.

"दादा, ते दुकानमाच ऱ्हाई गयं," भूषण म्हणाला. "सकायमा गिऱ्हाईक उना व्हता, त्यान्ही मोटर..."

मोटर. ते ऐकलं आणि माझं डोकं सटकलं. पाहुण्यांसमोर मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. मेहुलभाई बिचारे म्हणाले, "रहने दो भाई, मॅगी खा लेंगे." तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण माझ्यासमोर कोळसा फुललेला, मागे एकरभर मका, आणि भाऊ मान खाली घालून उभा. मी शेतात शिरलो.

"दादा, काकाले आपण शबद दिधा शे," तो मागून म्हणाला.

मी वळूनही पाहिलं नाही.

मक्यात चार पावलं आत गेलं की बाहेरचं काही दिसत नाही. पहिलं कणीस धरलं, खाली वाकवलं आणि मुरगाळलं. कच्चं होतं, दांडा चिवट, तीन पिळे द्यावे लागले. तेव्हाच बाहेरून भूषणचा ओरडण्याचा आवाज आला. मला वाटलं, मला अडवायला ओरडतोय. पाहुण्यांसमोर माझा बोभाटा करतोय. मी मनात म्हटलं, ओरड. आणि दुसरं धरलं.

मला जे सांगायचं आहे ते हे आहे. तो जितका ओरडत गेला, तितकं मी जोरात मुरगाळत गेलो. प्रत्येक कणसाला त्याचं नाव घेऊन शिवी देत होतो. फार मोठा कारागीर. दहा गावांचा लाडका. मायचा लाडका. एकेक तोडत होतो, टी-शर्टच्या ओच्यात टाकत होतो. ओरडण्यात शब्द नव्हते, नुसता आवाज होता, आणि तो बैल कापल्यासारखा येत होता. माणूस अडवण्यासाठी असा ओरडत नाही, हे मला कळायला हवं होतं. कळलंही असेल. मी थांबलो नाही.

नऊ तोडली. दहावं अर्धं पिळलं आणि मनगटावर काठी बसली.

खेमाकाका होते. घरून धावत आलेले, दम लागलेला. दुसरी काठी मारायच्या आत मी साठीच्या त्या माणसाच्या तोंडावर बुक्की मारली. ओठ फाटला, ते सरीत पडले. माझ्याकडे बघितलंही नाही. गुडघ्यावर उठले आणि ते दहावं, लोंबकळणारं कणीस दोन्ही हातांत धरून बसले, पडू नये म्हणून. त्यांच्या हनुवटीवरून रक्त मक्याच्या पानांवर पडत होतं.

त्याच क्षणी बाहेरचा आवाज बंद झाला.

मी ओच्यातली कणसं घेऊन बाहेर आलो. मोहाच्या झाडाखाली भूषण गुडघ्यांवर होता. दोघांनी त्याला खांद्यांना धरलेलं. त्याने हात पुढे धरले होते, आणि ते हात... डाव्या हाताची पाची बोटं आणि उजव्याची चार. एकही बोट जिथे असतं तिथे नव्हतं. नखं तळहाताच्या बाजूला वळलेली. एका बोटाचं हाड कातडीतून बाहेर आलं होतं. कोळशावर रक्त पडून चरचर आवाज होत होता, वास येत होता. पाहुण्यांपैकी एक पोरगी गाडीच्या मागे ओकत होती.

मी ओचा सोडला. कणसं खाली पडली.

भूषणने मला पाहिलं आणि तो उठला. दोघांना झटकून, हात तसेच लोंबत ठेवून तो धावत आला आणि डोकं माझ्या नाकावर घातलं. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मी आतून ऐकला. मी पडलो तर तो लाथा मारायला लागला. बरगड्या, पोट, तोंड, काही सोडलं नाही. माझा एक दात तिथेच मातीत राहिला. पाया पडणारा माझा भाऊ. लाथ मारताना रडत होता आणि एकच विचारत होता.

"मन्ही बोटं का मोडी ऱ्हायना तू? का मोडी ऱ्हायना, दादा?"

तिघांनी त्याला ओढून काढलं तेव्हा तो बेशुद्ध झाला.

बोलेरोत घालून आम्ही घाट उतरलो. मेहुलभाई चालवत होते. माझं नाक फुटलेलं, मांडीवर भूषणचं डोकं. त्यांनी सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत सांगतो. "वो अंगीठी के पास अकेला खड़ा था. कोई नहीं था उसके पास. उंगली अपने आप घूमने लगी. मैंने कलाई दोनों हाथ से पकड़ी, कसके पकड़ी, फिर भी मेरे हाथ में घूमी. एक के बाद एक." मी विचारलं, किती वेळ चाललं? म्हणाले, जब तक आप खेत में थे.

शहाद्याला हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला आणि मला विचारलं, "उसाच्या चरकात हात गेला का?" मी विचारलं, असं का? म्हणाले, "मार लागून हाड मोडतं ते वेगळं दिसतं. ही पिळून मोडलीत. प्रत्येक बोट वेगळं पिळलंय." उजवा अंगठा तेवढा वाचला होता. सांधा अर्धा फिरलेला, पण मोडला नव्हता.

पोलिसांना कळवावं लागेल असं डॉक्टर म्हणाले. रात्री हवालदार आला तेव्हा भूषण शुद्धीवर होता. मी दारात उभा. माझं सुजलेलं तोंड हवालदाराने पाहिलं आणि भूषणला विचारलं, भांडण झालं का, कुणी केलं हे?

भूषणने माझ्याकडे पाहिलं.

"मोटर चालू व्हती," तो म्हणाला. "पट्टामा हात गया."

हवालदार गेल्यावर मी त्याच्या खाटेशी बसलो. म्हटलं, भूषण, मी शेतात होतो रे. काकांना विचार, मेहुलभाईंना विचार. मी तुझ्याजवळ नव्हतोच.

तो शांतपणे म्हणाला, "खोटं का बोली ऱ्हायना, दादा. तू मन्ही छातीवर बठेल व्हता. मी दखं तुले. एकेक बोट धरी ऱ्हायना व्हता आनि शिव्या दी ऱ्हायना व्हता." आणि मग त्याने त्या शिव्या मला ऐकवल्या. मी मक्याच्या आत, तोंडातल्या तोंडात पुटपुटलेल्या शिव्या. कारागीर. दहा गावांचा लाडका. मायचा लाडका. त्याच क्रमाने, एकही इकडची तिकडे नाही.

बारा दिवसांनी मी एकटा पाड्यावर गेलो. काकांचा ओठ टाके न घालताच जुळला होता, वाकडा. मला दारात बघून घरातल्या बायका आत गेल्या. काकांनी मला शेतात नेलं. त्या दहाव्या कणसाला त्यांनी आपल्या फेट्याची चिंधी फाडून दांड्याशी बांधलं होतं. कणीस मात्र आता तिथे नव्हतं, नुसती चिंधी होती.

"ते जगलं," काका म्हणाले. "नवाईला तेच पहिलं ठेवलं म्हाताऱ्यांना."

"आणि ती नऊ?"

"ती मातीत पुरून टाकली. रागानं तोडलेलं त्यांना कसं वाढणार?"

मी त्यांचे पाय धरले. आयुष्यात पहिल्यांदा कुणाचे तरी मनापासून धरले असतील. ते मागे सरकले. "माझ्याकडं काय मागतो," म्हणाले. "भावाकडं माग." बस, एवढंच. कुठल्या देवाचं नाव नाही, उतारा नाही, कोंबडं नाही. मला तर वाटत होतं म्हाताऱ्याने काहीतरी मागावं, म्हणजे देऊन मोकळा झालो असतो.

मी शोधलं नाही असं नाही. करंट लागला असेल म्हणून पाहिलं, तर त्या दिवशी जनरेटर सुरूच केला नव्हता. फीट आली असेल म्हणून डॉक्टरांना विचारलं. फिटीत माणूस आखडतो, बोटं अशी पिळली जात नाहीत, म्हणाले. मेहुलभाईंना दोनदा फोन केला. दुसऱ्यांदा त्यांनी उचलला नाही, त्यांना दोष देत नाही. तुमच्यापैकी कुणाकडे शास्त्रीय असं काही असेल तर लिहा, मी भांडणार नाही.

टेंट विकले. या घटनेला आता दोन वर्षं होतील. चार ऑपरेशनं झाली, बोटं सरळ दिसतात, पण मिटत नाहीत. दुकान चालू आहे. भूषण स्टुलावर बसून सांगतो आणि मी तार भरतो. माझी बोटं जाड आहेत, तार तुटते, तो न रागावता म्हणतो, "फिरी कर." पहिल्या वर्षी मी भरलेल्या सगळ्या मोटरी परत आल्या. आता निम्म्या येतात.

सकाळी त्याच्या शर्टाची बटणं मी लावतो, घास भरवतो, दाढी करतो. मी शेतात होतो, हे सांगणं मी सोडून दिलं आहे. कारण त्याने पाहिलं ते खोटं आहे, असं मला आता छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ दे ना दादा, व्हई गयं." खऱ्या मनाने म्हणाला, मला कळतं.

फक्त एक आहे. डॉक्टरांनी त्या वाचलेल्या अंगठ्यासकट दहाही बोटांना रोज तेल लावून चोळायला सांगितलं आहे. मी तेलाची वाटी घेऊन बसतो. बाकीची नऊ बोटं तो माझ्या हातात देतो. अंगठ्याला हात लावायला गेलो की तो हात मागे घेतो. मुद्दाम नाही, झोपेत असला तरी घेतो. तो एवढा अंगठा माय चोळते.