थोरला माथा डावीकडे

माझा चुलतभाऊ चांगला माणूस आहे, हे मी आयुष्यभर लोकांच्या तोंडून ऐकत आलो आणि दर वेळी मान हलवली.  मी मुळातच कमी बोलणारा. घरात जेवताना मीठ मागण्यापलीकडे माझा आवाज फारसा कोणी ऐकलेला नाही. त्यामुळे मी शांत आहे असं सगळे समजत. मी शांत नव्हतो, मी जळत होतो.

आम्ही दोघे कुसगावचे. दोघांच्या अंगणांमध्ये एक निवडुंगाचं कुंपण. मी त्याच्याहून वर्ष-दोन वर्षांनी मोठा, म्हणून तो मला भाऊ म्हणतो. त्या काळी भात झोडून झालं की मावळात हाताला काम नसे. कोणी लोणावळ्याला बंगल्यांच्या बागा राखायला जाई, कोणी रेल्वेच्या रुळांवर खडी टाकायला. पहिली मोठी लढाई संपून काही वर्षं झाली होती. मी घाट उतरून खाली मिठागरावर गेलो आणि मिठागरावरून एका कोळ्याच्या मासेमारीच्या मचव्यावर. त्याची माणसं मुंबईला गोदीत पळाली होती, त्याला हात हवे होते. पोहता येतं का, एवढंच त्यानं विचारलं. इंद्रायणीच्या डोहात पोहतो म्हटलं तर तो खदखदून हसला.

तो पहिला हंगाम मी ओकण्यात काढला. सकाळी ओकायचो, दुपारी ओकायचो, भाकरीचा वास आला तरी ओकायचो. पण टिकलो. सगळं शिकलो. आणि शिकलो ते एकट्यानं, गावातलं कोणी सोबत नसताना, याचा मला अभिमान होता. पावसाळ्यात लावणीला घरी आलो तेव्हा देवळासमोर मी समुद्राच्या गोष्टी सांगितल्या. म्हणजे सांगायचा प्रयत्न केला. मला गोष्ट सांगता येत नाही. दोन वाक्यांत संपली. चुलतभाऊ मात्र पुढे सरकून बसला होता. म्हणाला, "भाऊ, पुढच्या साली मला बी ने की."

दोन हंगाम टाळाटाळ केली, मग नेलं. आणि नेलं त्या दिवसापासून माझं सुख संपलं.

तो ओकला नाही. एकदाही नाही. पहिल्याच दिवशी लाटांवर मचवा हेलकावत असताना त्यानं सुकी मासळी आणि भात चेपून खाल्ला आणि वर विचारलं, "अजून हाय का?" तांडेल, म्हणजे मचव्याचा मालक आणि चालवणारा तोच, त्यानं डोळे बारीक करून त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "ह्यो मावल्या आगल्या जल्मी कोली होता." बाकीचे हसले. मी तीन हंगाम तिथे होतो, मला कधी कोणी मावल्या म्हटलं नव्हतं. मला "ए" म्हणत.

मग ते वाढतच गेलं. तांडेलाची बायको मला वाढायची ती माशाची शेपटी आणि त्याला डोकं. शीड उतरवताना दोर अडकला की हाक त्याला. तो गाणी म्हणायचा, चुकीची म्हणायचा, त्यालाही हसून दाद. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे तो माझ्याशी गोड वागायचा. गावी आल्यावर त्याच्याभोवती माणसं जमत, तेव्हा तो प्रत्येक गोष्टीच्या आधी म्हणायचा, "ह्या भाऊनं नेलं मला, न्हाईतर मी कुटं आन दर्या कुटं!" लोक माझ्याकडे एकदा बघत आणि लगेच पुन्हा त्याच्याकडे वळत. त्यानं माझं नाव घेतलं नसतं तर मला सोपं गेलं असतं.

तांडेल कडक होता. किनाऱ्याजवळची मासेमारी वेगळी आणि जमीन दिसेनाशी होईल इतकं आत जाणं वेगळं, असं तो सारखं सांगे. आत जायचं तर गोड्या पाण्याची पिंपं दोन टोकांना दोन, म्हणजे एक फुटलं तरी दुसरं उरतं. चूल वाळूच्या पेटीत. तोल राखायचे जड दगड तळाशी पक्के बांधलेले. पहाटेच्या जमिनीवरून येणाऱ्या वाऱ्यावर बाहेर जायचं, दुपारनंतर समुद्रावरून वारा फिरला की त्यावर परत यायचं. लाट कधी अंगावर आडवी घ्यायची नाही.

आणि या सगळ्यांवर त्याची एक रीत होती. तिला तो 'डोंगर बोलणं' म्हणे. परत येताना किनारा दिसायच्या खूप आधी लांबचे डोंगर दिसतात. कोणत्या डोंगराच्या रोखानं मचवा न्यायचा ते दोन माणसांनी पाहायचं आणि वेगवेगळं बोलायचं. एकाचं ऐकून दुसऱ्यानं बोलायचं नाही. दोघांचं जुळलं तरच सुकाणू वळवायचं. ही रीत त्यानं इतकी कडक का पाळली ते मला उशिरा कळलं. त्याच्या डोळ्यांवर पडदा चढत होता. लांबचं त्याला दिसतच नव्हतं. तो हे कोणाला सांगत नव्हता, पण येत्या साली सुकाणू दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायचं आहे हे त्याच्या बोलण्यातून निसटलं होतं. त्याचे दोन पुतणे मचव्यावर होते, पण ते अंगानं दांडगे आणि डोक्यानं हूड. म्हणजे एक मी, नाहीतर चुलतभाऊ.

आता डोंगराचं सांगतो. आम्ही ज्या डोंगराच्या रोखानं परत यायचो तो आमचाच. घाटाच्या कडेचा, दोन माथ्यांचा, कुसगावातल्या आमच्या अंगणातून रोज दिसणारा. लहानपणापासून आम्ही त्याच्यामागे सूर्य बुडताना बघितलेला. अंगणातून बघितला की थोरला माथा उजवीकडे, धाकटा डावीकडे. डोळे मिटूनही सांगता येईल. पण समुद्रावरून आपण तोच डोंगर मागच्या बाजूनं बघतो. तिथून थोरला माथा डावीकडे येतो. आणि त्याच्या दक्षिणेला आणखी एक दोन माथ्यांचा डोंगर आहे, त्याचा थोरला माथा समुद्रावरून उजवीकडे दिसतो. मावळातल्या माणसाला तोच आपला वाटणार. त्याच्या रोखानं गेलं की पाण्याखाली खडक.

पहिल्या हंगामात ही चूक मी केली होती. कोळी इतके हसले की मी रडायचंच बाकी राहिलं. "घर उलटा केला रं ह्यानं," असं म्हणत. ती चूक मावळातला माणूसच करणार, दुसरा नाही.

चुलतभावाला मी दोराच्या गाठी शिकवल्या, मिठानं तळहात चिरले की काय लावायचं ते सांगितलं. हे एक सांगितलं नाही. सुरुवातीला खरोखरच विसरलो असेन. तो आल्यापासून आम्ही किनाऱ्याजवळच फिरत होतो, तिथे त्या डोंगराची गरज पडत नसे, खाडीच्या तोंडावरची टेकडी पुरे. पण तांडेल त्याच्या हाती सुकाणू देऊन पहिल्यांदा लांब आत जाणार हे ठरलं, त्या संध्याकाळी आम्ही दोघे वाळूत जाळी पसरत होतो आणि तो मला म्हणाला, "भाऊ, मला काय सांगायचं ऱ्हायलं आसंल तर सांग बाबा. मला लय धाकधूक व्हतीया." मी म्हणालो, "तुला काय सांगायचं? तुला तर सगळं येतं." त्याला ती माझी शाबासकी वाटली. तो हसला.

दुसऱ्या दिवशी मासळी चांगली लागली. आम्ही ठरवलं होतं त्याहून आत गेलो. दुपारनंतर वारा फिरला आणि आम्ही परत निघालो. समोर धुरकट होतं. किनारा नाही, टेकडी नाही. धुरक्याच्या वर फक्त घाटाचे माथे, आकाशात टांगल्यासारखे. चुलतभाऊ सुकाणूवर. पुतणे शिडाच्या दोरांवर, आणि फुगलेल्या शिडामुळे त्यांना पुढचं काही दिसत नव्हतं. मी नाळेवर, अगदी पुढे.

"बोला," तांडेल म्हणाला.

चुलतभाऊ आनंदानं ओरडला, "त्यो बगा! उजवीकडं थोरला. आपल्या अंगणातला!"

मला डावीकडे आमचा डोंगर दिसत होता. धुरक्यात फिका, पण दिसत होता. थोरला माथा डावीकडे. नीट दिसत होता.

"तू बोल," तांडेल मला म्हणाला.

मी म्हणालो, "तोच."

हे मी रागाच्या भरात केलं असं म्हणायला मला आवडेल. पण राग नव्हता. मला वाटलं, थोडं चुकू दे. थोडं गेल्यावर मीच ओरडेन, सगळ्यांना कळेल कोणाचे डोळे खरे. एवढंच माझ्या मनात होतं. मग थोडं गेलं, आणखी थोडं गेलं, आणि माझं तोंड उघडेना. आता सांगितलं तर आधी का नाही सांगितलं, हे आलंच. मचव्यावर पाच माणसं होती. त्यांतला एक मीच, आणि तरी मी गप्प.

पुतण्यानं पाणी मोजायला शिसं सोडलं आणि दचकून म्हणाला, "काका, पानी कमी झाला!" तांडेलानं मान वाकडी करून ऐकलं. "ह्यो आवाज आपला नाय," असं म्हणत तो धावला आणि चुलतभावाला ढकलून त्यानं सुकाणू दाबलं. मचवा वळला, पण मागचा भाग खडकावर आपटला. सुकाणू तुटून गेलं. शीड उतरवून, वल्ही मारत, पाणी उपसत आम्ही कसेबसे मोकळ्या पाण्यात आलो. माणूस कोणी गेला नाही.

खाडीत शिरल्यावर तांडेल बोलला. चुलतभावाला म्हणाला, "तू चुकला." तो म्हणाला, "व्हय, मी चुकलो." मग माझ्याकडे वळून, "नि तू पन तोच बोलला."

मी म्हणालो, "ह्याचं ऐकून बोललो."

रीत मोडली म्हणून तांडेलानं मला शिव्या दिल्या. पण शिव्या खाऊन मी सुटलो. चुलतभावाला त्यानं एकही शिवी दिली नाही. नुसता म्हणाला, "तू घरा जा रं मावल्या."  पुढच्या हंगामात सुकाणू माझ्या हातात आलं. पुष्कळ वर्षं मी तो मचवा लांब आत नेला आणि सुखरूप आणला. सावध माणूस म्हणून किनाऱ्यावर माझी कीर्ती झाली. "ए" म्हणायचे ते "मामा" म्हणायला लागले. मावल्या मात्र कोणी म्हटलं नाही.

चुलतभाऊ कान्ह्याला रेल्वेच्या फाटकावर लागला. गाडी आली की फाटक लावायचं, गेली की उघडायचं. आणि दर पावसाळ्यात मी घरी आलो की तो हात जोडून म्हणायचा, "भाऊ, माज्या पायी तू बी बुडला आसता. माज्यावर इश्वास ठेवला आन मी दगा दिला." मी म्हणायचो, "जाऊ दे." इतकी वर्षं मी त्याची माफी स्वीकारत होतो.

आता मी समुद्र सोडून घरीच असतो. यंदा सुगीनंतर त्याच्या अंगणात माणसं बसली होती आणि तो हीच गोष्ट सांगत होता. सुंदर सांगतो. स्वतःची फजिती रंगवून रंगवून. "मी म्हनतो आपला डोंगर, आन डोंगर म्हनतो, कोन रे तू?" माणसं हसून लोळत होती. आणि बसल्या जागी मी पुन्हा तसाच जळू लागलो. त्याची म्हणून जी लाज होती, तीही लोकांना माझ्या कीर्तीपेक्षा जास्त आवडत होती. ती लाजसुद्धा माझी होती. मी ती त्याला देऊन बसलो होतो.

मी म्हणालो, "मला दिसत होतं."

कोणाला कळलं नाही. मी पुन्हा, सगळं, पहिल्यापासून सांगितलं. आयुष्यात इतका वेळ मी एका दमात बोललो नव्हतो.

तो मग म्हणाला, "तांडेल हाय का अजून?"

"नाही. गेला."

"म्हंजी मी चुकलो आसंच समजून गेला."

"व्हय."

त्याची बायको चहा घेऊन बाहेर आली. माझ्यापुढे कप धरणार तोच तो म्हणाला, "ह्याला नगं." मग माझ्याकडे न बघता, "हितं सांगून काय उपेग? तितं जाऊन सांग. त्याच्या पुतण्यास्नी सांग. मंग माज्या दारात ये."

मी गेलो. धाकटा पुतण्या आता तांडेल आहे. होडीच्या फटीत कापूस भरत त्यानं सगळं ऐकलं. मला वाटलं होतं मारेल. त्यानं हातातलं काम ठेवलं आणि नुसता म्हणाला, "काका मरायच्या आधी बोललेला, 'सुकानूवर हात शोबायचा त्यो त्या मावल्याचाच. त्याला घरा धाडला ती माजी चूक.'" मग मला म्हणाला, "तू जा आता. हितं परत नको येऊ."

घाट चढताना ते एक वाक्य माझ्याबरोबर होतं. माझ्याशिवाय ते घाटावर कोणालाच ठाऊक नव्हतं. न सांगितलं तर चुलतभावाला कधी कळणार नव्हतं, आणि मी चढताना दोनदा थांबून हाच विचार केला, हे लिहून ठेवतो. पन्नाशीत, एवढं सगळं कबूल केल्यावरही, मेलेल्या माणसानं त्याला दिलेली ती शाबासकी मला द्यावीशी वाटेना.

मी घरी गेलो नाही. थेट कान्ह्याला गेलो. मालगाडी यायची होती, तो फाटक लावून उभा होता. मी पलीकडूनच, गाडीच्या आधी, पुतण्याचं बोलणं जसंच्या तसं ओरडून सांगितलं. गाडी मध्ये आली. एकामागून एक डबे गेले. त्यानं फाटक उघडलं नाही. पलीकडे बैलगाडीवाला "आरं उघड की!" म्हणून ओरडत होता.

तो फाटकाला टेकून मला म्हणाला, "अजून काय म्हनला? सगळं सांग. काका नेमकं काय बोलला त्ये परत सांग."

मी पुन्हा सांगितलं. तो ऐकत होता, आणि त्याच्या तोंडावर जे सुख दिसत होतं ते बघणं मला जड जात होतं. तरी मी तिसऱ्यांदाही सांगितलं.