बाबांची चेनसॉ
पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलचा वास आला की मला बाबांची चेनसॉ आठवते. ते काम करायचे ती मुलुंडची लाकडाची वखार बंद पडली तेव्हा मालकाने ही चेनसॉ त्यांना दिली होती. माझ्याहून वयाने मोठी मशीन. एका वादळात सोसायटीच्या गेटवर गुलमोहर आडवा पडला आणि सेक्रेटरीच्या आईला न्यायला आलेली अँब्युलन्स बाहेरच अडकली. बाबांनी दोरी ओढून मशीन सुरू केली, भुशाने माखत खोड कापलं. म्हातारी वाचली. महिन्याभरात तोच सेक्रेटरी आमच्या दारात उभा, "काका, ते भंगार काढा ना, जिन्यात वास मारतो." बाबा मशीन स्वच्छ पुसून स्वतःच भंगारवाल्याला देऊन आले. ते गेले तेव्हा खांदा द्यायला सेक्रेटरीच सगळ्यांत पुढे होता. मी त्याला बाजूला हो म्हणालो नाही, हे आजही सलतं.