मालक नसलेला ग्रुप

कुंदा गेल्याची बातमी मला आमच्या ग्रुपवरच कळली. बाभुळगावच्या दिनकर सरांनी लिहिलं होतं, "कुंदाताई आज सकाळी हार्ट अटॅकनं गेल्या. घाटंजीचा सर्व्हर बंद आहे." आर्णीच्या दवाखान्यात मी ड्युटीवर होते. हातातला ट्रे ठेवून भिंतीला टेकले... आणि रडू यायच्या आधी मनात आलं, की हिचं म्हणणं खरं ठरलं. तिच्या क्लासमधला कम्प्युटर बंद, आणि ग्रुप चालू.

आमची ओळख याच दवाखान्यातली. मी नर्स, कुंदा पेशंटची वहिनी. घाटंजीला तिचा कम्प्युटर क्लास होता आणि धाकटा दीर आर्णीकडे शेती करायचा. कपाशीवर फवारताना त्याला विषबाधा झाली. डॉक्टर विचारत होते, कोणतं औषध मारलं? कोणालाच सांगता येईना. दीर वाचला, पण तो प्रश्न कुंदाच्या डोक्यातून गेला नाही. तिने फोनवर एक ग्रुप काढला. फवारताना कोणाला गरगरलं, उलट्या झाल्या, की त्याने बाटलीचा फोटो टाकायचा. माझ्यासारखं कोणी लगेच सांगायचं, की कपडे बदला, अंग साबणाने धुवा, बाटली सोबत घ्या आणि दवाखाना गाठा. बघता बघता गावोगावची माणसं त्यात आली.

मग ऐन हंगामात एके दिवशी ग्रुप गायब! 'विष', 'मरून राह्यला', 'किती पोटात गेलं' हे शब्द, ज्या अ‍ॅपवर ग्रुप होता त्याच्या कंपनीच्या यंत्राने वाचले आणि आम्ही लोकांना जीव द्यायला शिकवतो असं ठरवून टाकलं. तेव्हाच एका बाईने नवऱ्यासाठी मदत मागितली होती. तिचा नंबर माझ्याकडे होता म्हणून फोन करता आला, नाहीतर काय झालं असतं, याचा आजही विचार करवत नाही. कुंदाने कंपनीला मराठीत लिहिलं, इंग्रजीत लिहिलं. दरवेळी तेच छापील उत्तर यायचं. शेवटी ती माझ्याकडे आली आणि चपला काढायच्या आधीच बोलायला लागली.

"ज्याले आपली बोली समजत नाही, तो आपल्याले बोलाचे नियम शिकवून राह्यला! आपण भाड्याच्या घरात होतो बाई. घरमालकानं सामान बाहेर फेकलं. आता सोताचं घर बांधू."

"अवं, आपण काय कंपनी हाओ का?"

"कंपनी होयाचंच नाही मले. एकाच्या हाती चावी देली, का तो उद्या कुलूप लावतेच."

सगळ्यांना फुकट मिळणारा एक प्रोग्रॅम तिने शोधला आणि क्लासमधल्या जुन्या कम्प्युटरवर बसवला. तसाच एक माझ्या घरी, एक दिनकर सरांकडे. तिन्ही एकमेकांशी बोलणार, घाटंजीत लिहिलेलं आर्णीत दिसणार, आणि एक बंद पडला तरी बाकीचे थांबणार नाहीत. लोकांनी पुन्हा यावं म्हणून आम्ही बाजाराच्या दिवशी बसून एकेकाच्या फोनवर तो चालू करून दिला. माझ्या घरच्यांनी मला वेड्यात काढलं.

आपलं घर म्हणजे मोकाट रान, असंही तिने होऊ दिलं नाही. एका माणसाने तिच्या जातीवरून घाण लिहिलं, तेव्हा मी म्हटलं, ताबडतोब काढ त्याला. तिने एकटीने नाही काढलं. मला आणि दिनकर सरांना बोलावलं, त्या माणसालाही बोलावलं. तो आला नाही, माफीही मागितली नाही. तेव्हा तिघांनी मिळून त्याला बाहेर केलं आणि का केलं ते सगळ्यांना दिसेल असं लिहिलं. नियम तिला हवेच होते. फक्त ते करणाऱ्याचं तोंड दिसायला हवं होतं.

एकदा फवारणीच्या औषधांचा एक दुकानदार क्लासमध्ये येऊन उभा राहिला. मी तिथेच होते. त्याच्या दुकानातल्या बाटलीचं सील आधीच फुटलेलं होतं, असा फोटो कोणी ग्रुपवर टाकला होता.

"ते काढून टाका, नाहीतर ग्रुपच बंद पाडतो. मालक कोण आहे याचा?"

"मालक नाही जी," कुंदा बसल्या जागेवरून म्हणाली. "हा बंद केला तर आर्णीचा चालते, तो केला तर बाभुळगावचा. तुमचा माल खरा असन, तर तुम्हीबी तिथंच लिहा. तुमचंबी काढणार नाही आम्ही."

तो निघून गेला. काही लिहिलं नाही त्याने. ती मात्र दिवसभर हसत होती.

तेरवीनंतर मी घाटंजीला गेले. क्लासची खोली भाड्याने द्यावी, कम्प्युटर विकून टाकावेत, असं नातेवाइकांचं चाललं होतं. तिचे मिस्टर, विलासभाऊ, सगळ्यांचं ऐकून घेत होते. मग मला म्हणाले, "हे चालू कसं करतात, दाखवा मले." आम्ही दोघांनी तो चालू केला.

कुंदाची एक सवय होती. सल्ला देऊन झाला, की बाकीचे आपापल्या कामाला लागायचे. ती मात्र दवाखान्यात पोचेपर्यंत त्या माणसाला सोडायची नाही. 'पोचले का जी?' थोड्या वेळाने पुन्हा, 'पोचले का?' परवा एका शेतकऱ्याने बाटलीचा फोटो टाकला, मी काय करायचं ते लिहिलं आणि फोन खिशात टाकणार, तेवढ्यात खाली ओळ उमटली, घाटंजीहून. विलासभाऊंनी लिहिलं होतं, 'पोचले का जी?' त्याखाली मोहद्याच्या कोणी बाईने विचारलं. मग आणखी कोणी. मला कधीही न भेटलेली माणसं एकामागून एक विचारत राहिली, त्याचं उत्तर येईपर्यंत.

'पोचलो.'