तारपा वाजला म्हणून कापलेलं भात

डहाणू रोड स्टेशनच्या बाहेर आलो तेव्हा ऊन इतकं स्वच्छ होतं, की हातातली छत्री लोकांना दिसू नये असं वाटलं. २०१९चा ऑक्टोबर होता. पाऊस परतल्याची बातमी छापून झाली होती, पण पावसाने ती वाचलेली नव्हती. डहाणू-तलासरीच्या डोंगरपट्ट्यात पुढचे दिवस कसे जातील ते लोकांना विचारून लिहायचं, एवढंच काम होतं. अधिकृत अंदाज खिशात होता: तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम सरींची शक्यता. यातलं तुरळक ठिकाण कोणतं, हे त्यात नव्हतं.

सरावलीत एका चिकूच्या वाडीत पहिली चौकशी केली. मालक वाक्य मराठीत सुरू करत आणि गुजरातीत संपवत. त्यांनी दोन चिकू कापून पुढे केले आणि आकाशाकडे न पाहता म्हणाले, ‘‘वरसाद जाणार, नक्की जाणार. फक्त कधी, ते विचारू नका.’’ अंदाजाचा हा मसुदा खिशातल्या मसुद्यापेक्षा फार वेगळा नव्हता. चिकू मात्र उत्तम होते.

तिथून काळीपिवळी जीपने गंजाड. समुद्राकडची सपाटी संपते, रस्ता वळणं घेऊ लागतो आणि पूर्वेला महालक्ष्मीचा सुळका दिसतो. भात पिवळं झालं होतं. फाट्यावर उतरून पाड्याकडे (वस्तीकडे) निघालो, तर बांधावर चपलेचा पट्टा तुटला. उरलेली वाट एका पायात चप्पल आणि एका हातात चप्पल अशी पार पडली. त्यामुळे पाड्यावरच्या बायकांना ओळख करून देण्याआधीच हसायला मिळालं.

त्यांच्यात वनशी होती. तिशीची, कमरेला विळा खोचलेली. नवरा मासेमारीच्या बोटीवर, घरी ती आणि सासू. तिचं भात कापून शेतात आडवं पसरलं होतं. वाळलं की भारे बांधायचे. वर्षभर तिघांनी खायचं ते हेच. शेजारच्या शेतांतलं बहुतेक भात अजून उभं होतं. एवढ्या अस्थिर हवेत आधीच का कापलं, असं विचारलं. तिने विळ्यानेच टेपाडावरचं घर दाखवलं. ‘‘जान्याकाकाला विचारा. त्याने वाजवला.’’

वाजवला तो तारपा. दुधी भोपळा आणि ताडाच्या पानांचं हे फुंकवाद्य हातभर नव्हे, चांगलं माणसाएवढं लांब असतं. या पाड्यावर ते पावसाळ्यात वाजत नाही. नवं धान्य हाताशी आलं, की पहिला सूर निघतो. जान्याकाकाच्या घरातून सुळक्यापर्यंतचं आकाश दिसतं. त्यामुळे त्याचा तारपा ऐकू आला म्हणजे पाऊस आटोपला, असं खालची घरं धरून चालतात. आदल्या दिवशी सूर आला आणि वनशीने विळा उचलला.

जान्याकाका ओट्यावर अंग चोरून बसला होता. त्याची बाजू अशी: तलासरीला एका कार्यक्रमात वाजवायचं बोलावणं आलेलं. जोडाचं मेण सुटून हवा जात होती, म्हणून त्याने नुसती फुंक मारून पाहिली. आकाशाकडे बघितलंसुद्धा नव्हतं.

‘‘नुसती?’’ वनशी मागोमाग वर आली होती. ‘‘पार ओढ्यापलीकडे ऐकू गेली तुझी नुसती.’’

‘‘मेण लावलं ना बाय. चांगलं बसलं.’’

‘‘तुझं भात उभं, नि माझं आडवं?’’

काकाचं भात ओढ्याकाठचं, गरवं (उशिरा पिकणारं) होतं, त्यामुळे उभं राहणारच होतं. पण हे सांगण्याची वेळ ती नव्हती. सुळक्याचा माथा तोवर ढगात दिसेनासा झाला होता.

वनशीच्या घराचं छप्पर मागच्या पावसात एका बाजूने उघडं पडलेलं. भात कोरडं राहील असं जवळचं घर एकच होतं, टेपाडावरचं. काकाने स्वतः दार सताड उघडलं, खाटा बाहेर काढल्या. मग बायकांची रांग लागली. जसं असेल तसं भात बांधून डोक्यावरून वर येऊ लागलं. पाहुण्यालाही एक भारा मिळाला. तो वर पोचेपर्यंत अर्धा वाटेत सांडला, तेव्हा त्याला मागून सांडलेलं वेचण्याच्या कामावर नेमण्यात आलं. काकाची बायको रचत होती आणि नवऱ्याला ऐकू जाईल असं म्हणत होती, ‘‘आता तुम्ही निजा भोपळ्यात.’’

शेवटचा भारा आत गेला आणि सर आली. कुडाच्या भिंतींना टेकून भात आढ्यापर्यंत गेलं होतं. ओट्यावर दाटीने उभं राहून सगळ्यांनी तांदळाची भाकर आणि सुक्या बोंबलाची चटणी खाल्ली. मग काकाला आठवलं, की तारपा मागच्या भिंतीला टांगलेला आहे. मध्ये वनशीचं वर्षभराचं भात.

‘‘हात घालून काढतो,’’ तो म्हणाला.

‘‘राहू दे तिथे,’’ वनशी म्हणाली. ‘‘भात सुकेपर्यंत कोणी फुंकायचं नाय.’’

दुसऱ्या दिवशी तलासरीत त्या कार्यक्रमात निवेदकाने माइकवरून सांगितलं, की हवामानाच्या कारणामुळे तारपावादक येऊ शकले नाहीत. हे अक्षरशः खरं होतं. तिथून झरीला गेलो. तिथे पावसाबद्दल विचारण्याआधीच लोकांनी चप्पल दुरुस्त करून घ्यायचा सल्ला दिला. संध्याकाळी पुन्हा सर आली.

परतताना गंजाडला उतरलो. ऊन पडलं होतं. वनशीचं भात काकाच्या अंगणात पसरलं होतं, आणि सासू कोंबड्या हाकत होती. काका अंगणाच्या कडेला मांडीवर तारपा घेऊन बसला होता, तोंडापासून जरा लांब धरून. वाजवू का, असं त्याने विचारलं.

वनशीने एक लोंबी तळहातावर चोळली, दाणा दाताखाली धरला. मग सुळक्याकडे बघितलं, पश्चिमेकडे बघितलं. अंदाज सांगणारे या दौऱ्यात पुष्कळ भेटले, पण चुकला तर उपाशी राहावं लागेल असं त्यांच्यापैकी कोणीच नव्हतं. म्हणून स्टेशनवर बसून बातमी लिहिताना तिचंच मत तेवढं घेतलं.

ती म्हणाली होती, ‘‘आज नको. उद्या माझ्यासमोर वाजव.’’