कारलं सोडायला गेलो होतो

नागपूरच्या डॉक्टरांनी आजार सांगितला, तेव्हा माझा विश्वास आधी देवावरून उडाला आणि मग गावावरून. आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत मी राजा व्हायचो. तरुणपणी स्टेजवरून पडलो, ऑपरेशन झालं, रक्त चढवावं लागलं. त्या रक्तासोबतच हिपॅटायटिस सी अंगात शिरला आणि वर्षानुवर्षं गुपचूप राहिला, असा डॉक्टरांचा कयास. आता लिव्हरवर व्रण पडू लागले होते. दारूचा थेंब कधी घेतला नव्हता, पण लिव्हर म्हटलं की गावाला एकच कारण माहीत. जो तो कानाशी येऊन सांगे, "भाऊ, आता तरी सोडा." अरे, धरली कधी होती!

डॉक्टर म्हणाले, "विषाणू त्याचं काम करतोच, तुमची रक्तातली वाढलेली साखर आणि हे पोट त्याला हातभार लावतात. दोन्ही उतरवा, मग इंजेक्शनं सुरू करू. नाहीतर लिव्हर आकसत जाईल, ते परत सरळ व्हायचं नाही." मी घाबरलो. पण राजाचं पोट म्हणजे आमच्याकडे अर्धं नाटक, आणि ज्या गावी प्रयोग तिथे पाहुणचाराला शिरा आणि गुळाचा चहा. कुणाचं मन मोडणं मला जमत नसे. साखर काही उतरेना.

चैत्रात बायको म्हणाली, "डॉक्टरचं आयकत नाई, तं देवीचं तरी आयका. चाला चंद्रपूरले, महाकालीजवळ." देवीपाशी आवडीचा एक पदार्थ सोडायचा आणि मग तो जन्मभर तोंडात घालायचा नाही, अशी आमच्याकडची रीत. वाटभर ती बजावत होती, गोड सोडा. मी मात्र एसटीतच ठरवलं, कारलं सोडायचं. त्याचं-माझं लहानपणापासून वैर. देवीला त्याग, मला सुटका!

गर्दीतून लोटत लोटत देवीसमोर पोहोचलो, डोळे मिटले आणि मनातल्या मनात बोललो. पण नाटकवाल्याचं मनातलं बोलणंही शेवटच्या प्रेक्षकाला ऐकू जातं. "माते! आजपासून मी कारलं त्यागलं!" गाभारा दणाणला.

मागे एक अनोळखी म्हातारी काखेत नारळ घेऊन उभी होती. ती म्हणाली, "काऊन गा, देवी का आंधळी हाये? हे पोट का कारल्यानं आलं?"

रांग खदखदली. कुणी ओरडलं, "अबे, हा तं नाटकातला राजा हाये!" बायको पदरात तोंड खुपसून हसत होती. म्हातारी काही हसली नाही. "सोडाचंच हाये, तं जे सुटत नाई ते सोड."

कसाबसा पुटपुटलो, "साखर, गूळ, सारं गोडधोड सोडलं, माय."

"आयकू नाई आलं!" म्हातारी म्हणाली.

मग मात्र ठणठणीत आवाजात पुन्हा म्हणावं लागलं. बाहेर येऊन तिला शोधलं, पण गर्दीत ती कुठे दिसली नाही. ती देवीच होती, असं मी म्हणत नाही. देवी इतकी खवचट असेल का? असेलही.

त्या रांगेत आमच्या मुलखातले अर्धे प्रेक्षक होते. आमची नाटक कंपनी गावात पोहोचण्याआधीच बातमी पोहोचू लागली. मला पाहताच लोक शिऱ्याचं पातेलं झाकून ठेवत. भात बायकोने कमी केला. "देवीनं भाताचं कुठी सांगतलं?" मी विचारलं. "मी सांगून राह्यली ना!" पोट उतरलं. एका प्रयोगात शत्रूचं राज्य मागता मागता माझं धोतरच सुटलं. शत्रूच्या सेनापतीने अंक संपेपर्यंत ते मागून धरून ठेवलं. लोकांनी वन्स मोअर दिला.

डॉक्टरांनी तपासलं, साखर आटोक्यात आली होती. इंजेक्शनं सुरू झाली. तापाने फणफणलो, केस गेले, कित्येकदा वाटलं की नको आता हे. पण शेवटी रक्तात विषाणू सापडेना. पडलेले व्रण आहेत, ते पुढे मात्र सरकलेले नाहीत.

त्यानंतरच्या चैत्रात देवीला गेलो. भलंमोठं भाषण तयार ठेवलं होतं. समोर उभा राहिलो आणि एकही वाक्य आठवेना. डोळे तेवढे वाहत होते. माणूस देवाशी घासाघीस करतो ती हातात काही दडवलेलं असतं म्हणून. माझे हात रिकामे होते आणि फार हलकं वाटत होतं.

"बोला ना जी काही," बायको कुजबुजली.

"तिले सारं ठाऊक हाये," मी म्हणालो, आणि तेही इतक्या हळू की बायकोलासुद्धा दुसऱ्यांदा विचारावं लागलं.