आधी सुई, मग कुलूप

भरतकामाच्या दुकानात कॉम्प्युटरवर चालणारी मशीन आली आणि गल्लीने त्या घरच्या सुनेचं नावच बदलून टाकलं. ती झाली 'प्रोग्रामवाली'. चांगली नोकरी सोडून ती सासूबाईंच्या हाताखाली आली होती. सासूबाईंचे डोळे अधू होत चालले होते, आणि महिन्यापूर्वी पायमशीनवर त्यांनी स्वतःचं बोटच शिवून घेतलं होतं. नवी मशीन खरं तर सेकंडहँडच. तिला चालवणारा प्रोग्राम मात्र सुनेने स्वतः लिहिलेला.

दिवसभर मशीन शहाण्या मुलीसारखी वागायची. कुठल्याशा हॉटेलच्या गणवेशाचे शर्ट होते, खिशावर चिन्ह भरायचं होतं. घोडं पेंड खायचं ते संध्याकाळी. अर्धवट काम थांबवून प्रोग्राम बंद केला की सुई कापडातच रुतून बसायची. सासूबाई सवयीने कापड ताणून धरणारी चौकट उचलायच्या आणि टर्रकन आवाज व्हायचा.

त्या दिवशी तिसरा शर्ट फाटला.

"तुझ्या मशीनला निघायची भारी घाई," सासूबाई म्हणाल्या. "पाहुणासुद्धा पाणी पिऊन उठतो."

"आई, बंद होताना काय काय करायचं, ते सगळं लिहून दिलंय मी तिला."

"मग वाचत नसेल! हे बघ, उद्या आणखी एक फाटला तर ही विकायची. मी आपली पायमशीन काढते."

सुनेची नजर कोपऱ्यातल्या पायमशीनकडे गेली. ते शिवलेलं बोट तिनेच सोडवलं होतं.

बंद होतानाची सगळी आवराआवर तिने प्रोग्राममध्ये एका जागी लिहिली होती आणि त्या भागाला हौसेने नाव दिलं होतं, 'निरवानिरव'. मोटर बंद करायची, सुई वर घ्यायची, दोरा कापायचा, कुठल्या टाक्यावर थांबलो ते टिपून ठेवायचं, शेवटी स्क्रीन बंद. तिने परत परत वाचलं. काहीच सुटलेलं नव्हतं.

निघताना तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. तिने दार ओढलं, कुलूप घातलं, किल्ली सासूबाईंच्या हातात दिली आणि काचेतून सहज आत पाहिलं. दिवा जळत होता.

"आता काय बाहेरून फुंकर मारणार?" सासूबाईंना हसू आवरेना.

सून हसली नाही. जागच्या जागी उभीच राहिली.

"आई, मशीनलाही मी हेच करायला लावलंय."

"दिवा जाळायला?"

"आधी कुलूप घालायला! आधी मोटर बंद करते आणि मग म्हणते, सुई वर घे. मोटरच झोपली, तर सुई उचलणार कोण? सगळं सांगणं पालथ्या घड्यावर पाणी."

"मग तोंडाने सांगत का नाही ती, जमत नाही म्हणून?"

"मी विचारलंच नाही तिला. उलट बोलायची सोयच ठेवली नाही."

"म्हणजे मशीनची सासू झालीस की गं!"

आता मात्र सून खळखळून हसली.

सकाळी तिने 'निरवानिरव' नव्याने लावली. आधी सुई. ती खरंच वर आली का, हे मशीनला विचारायचं; आली नसेल तर तिथेच थांबून तसं सांगायचं. मग दोरा, मग टाक्याची नोंद. मोटर त्यानंतर.

संध्याकाळी अर्धा भरलेला शर्ट चौकटीत असतानाच तिने प्रोग्राम बंद केला. खट्ट झालं. स्क्रीनवर 'सुई वर आहे' अशी अक्षरं उमटली, दोरा कापला गेला, मोटर निवली, स्क्रीन काळी झाली. सासूबाईंचा अक्षरांवर भरवसा नव्हता आणि डोळ्यांवर तर नव्हताच. त्यांनी सुईखालून हलकेच बोट फिरवलं, मग चौकट उचलली.

कसलाच आवाज झाला नाही.

"विकायची का मग?" सुनेने विचारलं.

"बघू," म्हणत सासूबाईंनी पायमशीनवरची चादर चारी बाजूंनी नीट ओढून घेतली. "पण कुलूप मी घालणार. तू दिवा बंद कर. आधी!"