रुपली कोणत्या भागात आहे?

असोद्याच्या पॅकहाऊसमध्ये कामिनी केळीच्या फण्या धुते. सकाळी घरचा स्वयंपाक, दोन मुलांचे डबे, सासऱ्यांच्या गोळ्या, आणि मग दिवसभर तुरटीच्या पाण्यात हात. चिकाचा डाग नाही असा एकही धड कपडा तिच्याकडे उरलेला नाही. पण ती गोष्ट सांगायला लागली की आम्हा बायकांचे हात आपोआप भरभर चालतात, त्यामुळे मुकादमही तिला गप्प बस म्हणत नाही. मी तिच्या शेजारी बसून फण्यांना स्टिकर लावते. तिची गोष्ट माझी तोंडपाठ आहे.

गोष्ट म्हणजे ‘काजळशिखर’. शाळेत असताना कामिनीला ग्रंथालयात ही पुस्तकं सापडली. इंग्रजीतून मराठीत आणलेली, वयात येणाऱ्या पोरांसाठीची, जादूची. सेरिन नावाच्या मुलीला वाऱ्याची भाषा कळते आणि दुष्ट राजानं पळवलेल्या भावाला सोडवायला ती घराबाहेर पडते. चार भाग आले आणि पाचवा काही येईना. मधल्या काळात कामिनीचं कॉलेज सुटलं, लग्न झालं, ती फण्या धुवायला लागली. हातात पुस्तक नसताना तिनं ते चार भाग आम्हाला इतक्यांदा सांगितले, की सेरिनचं रडणं आता आम्हाला नकोसं झालं होतं.

आमचा जीव होता रुपलीवर. पूर आलेल्या नदीतून सेरिनला पाठीवर बांधून पलीकडे नेणारी रुपली. चौथ्या भागाच्या शेवटी राजाचे शिपाई तिला धरून नेतात. सेरिन, इर्वान, मोरगाथ असल्या नावांच्या गर्दीत ही रुपली कुठून टपकली, हे आमच्यातल्या एकीलाही कधी खटकलं नाही. सुनंदाअक्कांना तर मुळीच नाही. अक्कांचं माहेर नरडाण्याकडचं. सारा जन्म इकडे काढूनही त्यांनी आपली बोली सोडलेली नाही. गुडघे गेले म्हणून त्यांचा मुलगा हितेंद्र त्यांना या शनिवारनंतर चाळीसगावला नेणार होता. रुपलीचं पुढं काय झालं ते ऐकूनच जाणार, असा अक्कांनी कामिनीच्या मागे एकच धोशा लावला होता.

“तठे माले कोन सांगी वं? रुपलीनं काय व्हयनं ते आयकीसन जासू.”

आणि नेमका तेव्हाच पाचवा भाग आला. मी आणि कामिनी जळगावला जाऊन तो घेऊन आलो. कामिनीनं तो पोळ्या लाटता लाटता, मुलांचा अभ्यास घेता घेता वाचला आणि चेहरा पाडून कामावर आली.

काय सांगू! चार भाग ज्याच्यामागे धावलो तो राजा शेवटी पायरीवरून घसरून पडतो नि मरतो. भाऊ आपणहून घरी येतो. सेरिन वाऱ्याची भाषा विसरते, आणि पुढं पानंच्या पानं तिच्या लग्नाची तयारी. एवढी वर्षं थांबवून ठेवून लिहिणाऱ्या बाईनं आमच्या पानात हे वाढलं! लिहून कंटाळा आला असेल तर तसं सांगायचं होतं, आम्ही समजून घेतलं असतं.

“ते लगीन-बिगीन ऱ्हाऊ दे,” अक्का म्हणाल्या. “रुपलीनं काय व्हयनं?”

रुपलीचं नावही नव्हतं. कामिनी इतकी चिडलेली मी कधी पाहिली नव्हती. “विसरलीच ती बाई!” ती म्हणत राहिली. “चांगली जितीजागती बाई कोठडीत टाकली आन् विसरली!”

शुक्रवारी काम सुटल्यावर ती मला ओढत तिच्या जुन्या शाळेच्या ग्रंथालयात घेऊन गेली. रुपलीला नेमकं कुठं ठेवलं होतं ते तिला बघायचं होतं. कपाटापुढं उभ्यानंच तिनं चौथा भाग चाळला, मग तिसरा, दुसरा, पहिला. रुपली कुठंच नव्हती. पुस्तकात नदीवर सरळ दगडी पूल होता आणि सेरिन घोड्यावर बसून दोन ओळींत पलीकडे जात होती.

मला हसू फुटलं. कामिनी मात्र भिंतीला टेकून खाली बसली.

परत येताना मी तिला म्हटलं, “अक्काले काही भी सांग ना. सुटली म्हन, घरी गेली म्हन. कोन पाहू राह्यलं?”

“थकली वं मी,” ती म्हणाली.

शनिवारी अक्का लवकर आल्या होत्या. चांगलं लुगडं नेसून, जणू लग्नाला निघाल्या होत्या. दुपारी घड उतरवून झाले, बायका हौदाभोवती बसल्या आणि अक्कांनी परत तेच विचारलं. मला वाटलं, आता कामिनी रचून सांगेल. तिला काय अवघड होतं?

“पुस्तकात रुपली नव्हतीच, अक्का,” ती म्हणाली. “कोन्याच भागात नाही. आमच्या वावरात निंदाले यायची सातपुड्याकडची एक बाई. नाल्याले पानी आलं का मले पाठीवर घ्यायची. तिलेच मी गोष्टीत घातलं, आन् घातलं हे भी विसरली.”

अक्का हटणाऱ्यातल्या नव्हत्या.

“मंग, तिनं काय व्हयनं?”

“एका वर्षी आलीच नाही.”

“तुम्ही कोनी ईचारं नही?”

“नाही.” कामिनी पाण्यातल्या हातांकडे बघत होती. “तिच्या जागी दुसरी बाई आलती.”

अक्कांनी हातातली फणी पाण्यात सोडली. कामिनी असं काही बोलून बसेल, तेही आजच्या दिवशी, असं मला वाटलं नव्हतं.

तेवढ्यात मुकादम सोमवारपासूनच्या नव्या बाईला घेऊन आत आला. कुठं बसायचं ते सांगताना त्यानं अक्कांच्या पाटाकडे बोट केलं. अक्का गुडघ्यांवर हात ठेवून निमूटपणे उठायला लागल्या.

“उठू नका, अक्का!” कामिनी ओरडली. “दिवस अजून संपला नाही.”